लाल वायरची गाठ

धाकटी गाडीतून उतरायच्या आधी गाडीचा धूर गॅरेजमध्ये शिरला. काळा, जाड, डोळ्यांना झोंबणारा. मिस्त्री तेव्हा दुसऱ्याच एका गाडीखाली उताणा पडला होता. पेट्रोलचा भपकारा नाकात जाताच तो खालूनच ओरडला, "कोण आहे ते? इंजिन बंद करा आधी! जीव घेता काय माझा?"

इंजिन बंद झालं. मिस्त्री सरकत बाहेर आला आणि त्याला सगळ्यात आधी दिसली ती नंबर प्लेट. तो नंबर झोपेतून उठवून विचारला असता तरी त्याने सांगितला असता. बाबांची गाडी. आणि दाराशी हाताची घडी घालून उभी होती त्याची धाकटी बहीण. बाबा गेले त्या दिवसानंतर, म्हणजे दोन वर्षांत, दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"केली बंद," ती म्हणाली. "बघणार आहेस की नाही, एवढंच सांग. नाही म्हणालास तरी चालेल. मी तयारीनेच आलेय."

गल्लीतले लोक त्याला तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे भडकू. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाइकाने गाडी धुतली नसली तरी तो भडके, आणि फार चकचकीत करून आणली तरी भडके. लोक ऐकून घेत, कारण हाताला तोड नव्हती. शिवाय त्याची एक शिस्त होती. काम करताना एखादी गोष्ट तात्पुरती केली, एखादा भाग मिळाला नाही म्हणून तसाच ठेवला, की त्या जागी तो लाल वायरचा तुकडा बांधायचा, दुहेरी गाठ मारून. काम पुरं झालं की गाठ कापायची. भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं: लाल वायर असलेली गाडी बाहेर जाणार नाही. बाबा जिवंत होते तेव्हा येईल त्या माणसाला ही पाटी दाखवायचे, जणू ती त्यांनीच लिहिली होती.

"काय झालंय?" मिस्त्रीने विचारलं. नाही म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण समोर खोकत आलेली गाडी उभी होती, आणि खोकणाऱ्या गाडीला त्याने कधी दारातून परत पाठवलं नव्हतं.

झालं होतं ते असं. धाकटी घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या लोकांना व्यायाम द्यायची. रोज सात-आठ घरं, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मागच्या सीटवर वजनं, पट्टे, घडीचं टेबल. गाडीशिवाय तिचं काम बंदच. आणि गाडी धुराच्या चाचणीत दोनदा नापास झाली होती. पंधरा वर्षांहून जुन्या गाडीला तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झाली की नोंदणी रद्द, आणि गाडी तिथूनच भंगारात. तिसरी चाचणी आजच होती, दुपारी चारला.

"आज चारला!" मिस्त्रीचा आवाज चढला. "आणि आता येतेस? दहा वाजलेत! महिनाभर काय करत होतीस?"

"महिनाभर तीन जणांचे उंबरठे झिजवत होते. एकाने प्लग बदलले, एकाने ऑक्सिजनचा सेन्सर बदलला, तिसऱ्याने अजून दोन सेन्सर बदलले आणि हात टेकले. म्हणाला, मिक्स्चर रिच होतंय, पेट्रोल जास्त जातंय, का जातंय ते कळत नाही, गाडी मोडीत काढा. म्हणून शेवटी तुझ्याकडे आले. शेवटी म्हणजे, दुसरं कोणी उरलंच नाही म्हणून."

"मेहेरबानी."

"मेहेरबानी कसली? बाबांची गाडी आहे. मला ती भंगारात घालायची नाही. नाहीतर तुझ्या दारात पाय ठेवला नसता."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांची गाडी! बाबाही तिचे, गाडीही तिची, आणि हा कोण तर गल्लीतला भडकू. उभी हयात बाबा त्याच्याकडे, थोरल्याकडे राहिले, आणि शेवटच्या वर्षांत एके दिवशी उठून म्हणाले, मी आता लेकीकडे राहीन. कारण विचारलं तर म्हणाले, तुझ्या घरात फार आवाज असतो. आवाज! तो आवाज आपलाच होता हे मिस्त्रीला तेव्हाही कळलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं होतं. त्याने बॉनेट उघडलं, इतक्या जोरात, की शेजारच्या शेडमधला पत्रेवाला ठोकायचा थांबून बघायला लागला.

"पाहुणे आलेत वाटतं," पत्रेवाला म्हणाला.

"तू तुझं ठोक!"

प्लग काढले तर चारही काजळी धरलेले, चुलीतल्या कोळशासारखे. डिपस्टिक काढून नाकाशी धरली तर ऑइललाच पेट्रोलचा वास. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर बोट काळंभोर. आजार काय ते दिसत होतं, तिघांनाही दिसलंच असणार. हवा कमी, पेट्रोल जास्त. पण का?

मग त्याने एकेक धागा धरला. हवेचा फिल्टर नवा. हवा मोजणारा सेन्सर स्वच्छ. पेट्रोलचं प्रेशर बरोबर. रेग्युलेटरची नळी ओढून हुंगली, कोरडी. इंजेक्टर चारही उपसून कागदावर धरले, प्रेशर दिलं, पाच मिनिटं डोळे लावून बसला. एकाही इंजेक्टरमधून थेंब टपकला नाही. प्रत्येक वेळी त्याला वाटे, सापडलं. आणि प्रत्येक वेळी ते निसटे, की तो पाना जमिनीवर आपटे. त्या आधीच्या तिघांना त्याने जी विशेषणं लावली, ती ऐकून पत्रेवाल्यानेसुद्धा एकदा कान चोळले.

धाकटी भिंतीशी एका टायरवर बसून सगळं बघत होती. "बाबाही म्हणायचे," ती मध्येच म्हणाली, "गाडी पेट्रोल फार पितेय म्हणून."

"बाबांचा पाय जड होता. गिअर बदलताना पेडल दाबून धरायचे. चाळीस वर्षं सांगून थकलो."

"सांगून नाही. ओरडून."

"हो, ओरडून! ओरडलो! ऐकायला येत नव्हतं त्यांना!"

"सगळं ऐकायला येत होतं."

मिस्त्री इंजिनवर वाकला तो वाकलाच. तिच्याकडे बघितलं असतं तर आणखी काहीतरी तोंडातून गेलं असतं. बारा वाजून गेले होते.

त्याने सगळं परत जोडलं, स्कॅनर लावला आणि म्हणाला, "बस. चालवून बघू." गाडी त्याने शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याला घातली. थंडी सरत आली होती, पण वारा अजून बोचत होता. धाकटी मांडीवर स्कॅनर धरून आकडे वाचत होती, आणि तो दर मिनिटाला खेकसत होता, "पाण्याचं तापमान? मोठ्याने सांग!"

"बेचाळीस."

पाच मिनिटांनी, "चव्वेचाळीस."

पंधरा मिनिटांनी, "पंचेचाळीसच आहे."

"सापडलं!" मिस्त्रीने स्टिअरिंगवर हात मारला. "हाच तो चोर. तापमानाचा सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन तापलं की नव्वद दाखवायला पाहिजे. हा सांगतोय पंचेचाळीस. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, म्हणून तो बिचारा पेट्रोल सोडतच राहतो, सोडतच राहतो. एवढं साधं तिघा शहाण्यांना दिसलं नाही!"

"तिसऱ्याने तोच सेन्सर बदलला होता," धाकटी म्हणाली. "नवा आहे तो. काटासुद्धा कधी वर चढत नाही म्हणून मीच त्याला सांगितलं होतं. मला तर आधी वाटायचं, काटा खाली म्हणजे चांगलंच आहे की. गाडी तापत नाही."

"नवा असेल, पण भुक्कड असेल."

परत येऊन त्याने स्वतःकडचा, पारखून ठेवलेला सेन्सर बसवला. इंजिन चालू केलं. स्कॅनर म्हणाला, सेहेचाळीस. त्याने वायर तपासली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वायर धडधाकट. स्कॅनर म्हणाला, सेहेचाळीस. मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. दीड वाजला होता. अडीच तासांनी ही गाडी चाचणीच्या खोलीत उभी राहणार होती, आणि तिथून एकतर घरी जाणार होती, नाहीतर क्रेनला लटकून भंगारात. त्याने एक लाथ रिकाम्या डब्याला घातली, आणि डबा गडगडत पत्रेवाल्याच्या शेडमध्ये गेला.

डबा परत घेऊन पत्रेवाला आला. दारं-बॉनेटं ठोकून त्याचे कान अर्धे गेले होते आणि हात पूर्ण निबर झाले होते, तरी चौकशा मात्र शाबूत. "काय म्हणतेय?" असं विचारत तो चालू इंजिनवर वाकला, आणि वाकताना टेकू म्हणून त्याने हात ठेवला तो नेमका रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या पाइपच्या तोंडाशी, जिथून इंजिनचं उकळतं पाणी बाहेर पडतं.

"हात काढ!" मिस्त्री किंचाळला. "भाजशील, गाढवा!"

"कुठे?" पत्रेवाल्याने हात तसाच ठेवला. "मस्त कोमट आहे. शेकायला बरंय."

मिस्त्री जागच्या जागी थांबला. मग पुढे होऊन त्याने स्वतःचा हात तिथे ठेवला. मग खालच्या पाइपला, मग इंजिनच्या अंगाला. अर्धा तास पळवून आणलेलं, आता वीस मिनिटं उभ्या उभ्या चालणारं इंजिन, आणि अंघोळीच्या पाण्याइतकंही गरम नाही. सेन्सर खोटं बोलत नव्हता. जुनाही नाही, तिसऱ्याने बसवलेलाही नाही, हाही नाही. सगळे खरंच सांगत होते, आणि त्यांच्यावर विश्वास न ठेवता जो तो त्यांनाच बदलत बसला होता.

"इंजिन तापतच नाहीये," तो हळू म्हणाला. एवढ्या हळू की धाकटी टायरवरून उठून जवळ आली.

"म्हणजे?"

"इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये एक झडप असते. थर्मोस्टॅट. इंजिन गार असतं तोवर ती बंद राहते, पाणी आतल्या आत फिरतं, लवकर तापतं. तापलं की झडप उघडते. इथे ती उघडीच अडकलीय. पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरला जाऊन गार होऊन येतंय. तापणार कधी?" त्याचा आवाज परत चढायला लागला. "पंधरा मिनिटांचं काम! एकाने, तिघांपैकी एकाने जरी इंजिनला हात लावून बघितला असता! हात! मशीन कशाला लागतं त्याला?"

इंजिन बंद करून त्याने खाली परात लावली, पाणी काढलं, पाइप सोडवला. थर्मोस्टॅटचं घर इंजिनच्या कुशीत, अंधारात असतं. वर चार वर्षांचं तेलकट किटण. पाना लावायला त्याने चिंधीने बोल्ट पुसला, आणि चिंधीत काहीतरी अडकलं. त्याला वाटलं, उंदराने ओढून आणलेली सुतळी असेल. नखाने खरवडली. काळ्याखालून लाल निघालं.

वायर. दुहेरी गाठ.

अशी गाठ साऱ्या गावात एकच माणूस मारत होता.

मिस्त्रीने बोल्ट काढले, झाकण उचललं. आत थर्मोस्टॅट अडकलेला नव्हता. आत थर्मोस्टॅटच नव्हता. नुसतं गोल, रिकामं भोक.

मग त्याला सगळं आठवलं, क्रमाने. चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा. बाबा उकळती गाडी घेऊन आले होते, बॉनेटमधून वाफ. थर्मोस्टॅट बंद अडकला होता. त्याने तो काढून फेकला. दुकानात नवा नव्हता, दुसऱ्या दिवशी मिळणार होता. उन्हाळ्यात त्याच्यावाचून एक दिवस काही अडत नाही. त्याने लाल वायर बांधली आणि, घरचीच गाडी म्हणून पाटीचा नियम मोडून, म्हणाला, "उद्या सकाळी आणा." आणि त्याच वेळी, हातातली चाव्यांची जुडी फिरवत, बाबांनी सांगितलं होतं की मी उद्यापासून लेकीकडे राहणार. तेव्हा तो जो भडकला तो भडकलाच. सगळी गल्ली गोळा झाली होती. शेवटी तो म्हणाला होता, "जा! गाडीही घेऊन जा. आणि परत माझ्या दारात आणू नका!"

बाबांनी आणली नव्हती. सांगितलेलं सगळं त्यांना ऐकायला येत होतं.

मिस्त्रीने मान वर केली. कोपऱ्यातल्या सगळ्यात वरच्या फळीवर न आलेल्या गिऱ्हाइकांची खोकी असत. तिकडे तो शक्यतो बघत नसे. स्टूल ओढून तो वर चढला, पुढची दोन खोकी बाजूला सारली, आणि धुळीने माखलेलं एक छोटं खोकं काढलं. त्यावर त्याच्याच अक्षरात, निळ्या शाईत, बाबांच्या गाडीचा नंबर. दुसऱ्या दिवशी सकाळी, राग तसाच डोक्यात ठेवून, तो दुकानात जाऊन थर्मोस्टॅट घेऊन आला होता. वाट बघितली होती. दोन दिवस, चार दिवस. मग खोकं वर ठेवून दिलं होतं.

"मिळाला का?" खालून धाकटीने विचारलं.

"मिळाला. आहे माझ्याकडे."

"एवढ्या जुन्या गाडीचा? बरा सापडला."

तो स्टुलावरून खाली उतरला. पकडीने लाल वायर कापली आणि खिशात टाकली. कोणी बघितलं नव्हतं. नवा थर्मोस्टॅट बसवला, रबरी रिंग बसवली, पाणी भरलं, हवा काढली. ऑइलमध्ये पेट्रोल उतरलं होतं म्हणून ऑइल बदललं. काजळलेले प्लग फेकून नवे लावले. हात आपोआप चालत होते; तोंड बंद होतं. दिवसभरात पहिल्यांदाच गॅरेजमध्ये शांतता होती, इतकी की पत्रेवाला दोनदा डोकावून गेला.

पावणेतीनला इंजिन चालू झालं. मिस्त्रीने वरच्या पाइपवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. पाइप गार. एक मिनिट, चार मिनिटं, सात मिनिटं, गारच. आणि इकडे स्कॅनरवर आकडा चढत होता. साठ. बहात्तर. चौऱ्याऐंशी. मग एकाएकी पाइप हाताखाली असा तापला, की त्याने चटका बसून हात मागे घेतला. सायलेन्सरमागे आता धूर नव्हता, नुसती हवा थरथरत होती. पेट्रोलचा वास गेला होता. सायलेन्सरमधली धूर गाळणारी जाळी इतकी वर्षं काजळी खाऊन जिवंत राहिली असेल तर गाडी वाचेल. नसेल तर नाही. ते आता चाचणीतच कळणार होतं.

धाकटीच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. "मी तुला सकाळी बोलले ते..." ती अडखळली. "चांगलं काम करतोस तू. बाबा म्हणायचेच. आत नुसतं भोक होतं, बघितलं मी. मेले ते तिघे, त्यांच्यापैकीच कोणीतरी काढून ठेवला असेल ना तो भाग? आणि परत लावायला विसरला. हो ना?"

इथे त्याला फक्त मान हलवायची होती. तिघांवर सकाळपासून खापर फोडलंच होतं, अजून एक फोडायचं. बहीण परत दारात येऊ लागली असती. कोणाचंच काही गेलं नसतं.

"हीटर चालेल आता?" तिने विचारलं.

"का?"

"चालायचा नाही कधी. पहिल्या थंडीत बाबांनी तुला फोन केला होता त्याबद्दल. मी शेजारीच होते. तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांनी फोन ठेवला, आत गेले आणि ब्लँकेट घेऊन आले. त्या दिवसापासून मांडीवर ब्लँकेट घेऊनच गाडी चालवायचे. दोन्ही हिवाळे. माझ्या पोरीला शाळेत सोडायला सकाळी सातला निघायचे, हात गारठून काळेनिळे. मी म्हणायचे, दुसऱ्या मिस्त्रीला दाखवू. तर म्हणायचे, माझा मुलगा मिस्त्री आहे, त्याने सांगितलंय गाडीत काही बिघाड नाही, मलाच थंडी वाजते. वय झालंय माझं."

शब्द जसेच्या तसे होते. तुम्हालाच थंडी वाजते, वय झालंय, पांघरूण घेऊन बसा. आणि पेट्रोलचं म्हणाल तर पाय हलका ठेवा. एवढं बोलून त्याने फोन आपटला होता. हीटर इंजिनच्याच गरम पाण्यावर चालतो. गाडी सांगत होती, बाबा सांगत होते, आणि ज्याला एका शब्दात समजायला हवं होतं त्याने एका शब्दाचाही विचार केला नव्हता, कारण तो रागावलेला होता.

मिस्त्रीने खिशातून वायरचा तुकडा काढला आणि गाडीच्या टपावर, तिच्यासमोर ठेवला.

ती गाठ काय असते हे तिला पाटी न वाचताही माहीत होतं. "हे कुठे होतं?"

"थर्मोस्टॅटच्या घरावर."

"कधीचं?"

"भांडलो त्या दिवसाचं. मीच काढला होता. दुसऱ्या दिवशी लावणार होतो. हाच. विकत आणून ठेवला होता." त्याने रिकामं खोकं पुढे केलं, नंबर वर करून. "मी त्यांना म्हणालो होतो, गाडी परत आणू नका."

धाकटीने खोकं हातात घेतलं. नंबर वाचला. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल होत गेला, आणि मिस्त्रीला दिसलं की हा राग त्याच्याच घरातला आहे. ती फक्त आजवर तो दाबून ठेवत होती.

"चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं हे वर धूळ खात होतं. एक फोन करायचा होतास. गाडी घेऊन या, एवढंच. तीन शब्द! दिवसभर तोंडाचा पट्टा चालवतोस तू, सगळ्या गल्लीला ऐकवतोस, आणि तीन शब्द तुझ्याकडे नव्हते?"

"नव्हते."

"आणि तिघांना गाढव म्हणत होतास. सकाळपासून! माझ्यासमोर!"

"हो."

"हो काय? ओरड ना आता! ओरड की!"

तो ओरडला नाही. पत्रेवाल्याची ठोकाठोक बंद होती; तो दारात उभा राहून जमिनीकडे बघत होता. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"बस गाडीत," टपावरची वायर उचलून खिशात टाकत ती म्हणाली.

तो शेजारच्या सीटवर बसला. तिने स्टिअरिंग हातात घेतलं, चारही काचा वर केल्या, आणि हीटरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. पंखा घोंघावला. आधी कोमट, मग गरम, मग चेहरा भाजेल अशी हवा यायला लागली. बाहेर वाऱ्याने लोक कॉलर वर करून चालले होते. आत पाच मिनिटांत मिस्त्रीच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. त्याने काच खाली करायला हात नेला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली.

त्याने हात मांडीवर ठेवला. चाचणी केंद्रापर्यंतचा रस्ता चाळीस मिनिटांचा होता. ती सिग्नलला थांबली, वळली, पुढच्या गाडीला हॉर्न मारून शिव्या घातल्या, घाम पुसला, पण बटणाला हात लावला नाही. एकदा तिने गिअर बदलताना उगाच पेडल दाबून धरलं, अगदी बाबांसारखं, आणि इंजिन गुरगुरलं. मिस्त्री खिडकीबाहेर बघत राहिला. दोघांचे डोळे लाल झाले होते, आणि घाम कुठे संपत होता ते कळत नव्हतं.

केंद्रावरच्या माणसाने दार उघडलं आणि तो एक पाऊल मागे सरला. "भट्टी लावलीय काय आत? हीटर का चालू आहे?"

"चालतो का बघत होतो," धाकटी म्हणाली.

"मग?"

मिस्त्री म्हणाला, "चालतो."

माणसाने नळी सायलेन्सरमध्ये खुपसली आणि आकडे बघत बसला. मिस्त्रीला त्याच्या पाठीमागून पडदा दिसत नव्हता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाला 'लवकर करा' म्हटलं नाही. शेवटी यंत्रातून कागद निघाला. पास. मर्यादेच्या काठावर, पण पास. माणसाने शिक्का मारला आणि पुढच्या गाडीला हात केला.

परतताना धाकटीने गाडी गॅरेजपर्यंत आणली नाही. गल्लीच्या तोंडाशी थांबवली. हीटर अजून चालूच होता. तिने खिशातून लाल वायरचा तो तुकडा काढला, सरळ केला, आणि हीटरच्या बटणामागच्या खाचेत ओवून दुहेरी गाठ मारली. कधी मारली नव्हती, तरी बरोबर मारली.

"हे काय?" मिस्त्री म्हणाला. "काम झालंय."

"झालेलं नाही."

"कधी कापायची मग?"

"मी सांगेन तेव्हा. तोवर दर महिन्याला गाडी घेऊन येईन. तू बघायची, आणि ओरडायचं नाही. उतर आता."

तो उतरला. लाल वायर असलेली गाडी वळून मोठ्या रस्त्याला लागली, धूर न सोडता. घामाने चिंब शर्टाला वारा लागून त्याला कापरं भरलं, आणि तो भिंतीवरच्या पाटीसमोरून मान खाली घालून आत गेला.